ब्रिटनमध्ये लोक आपले सण कसे साजरे करतात?

लीड्सला शिकायला येताय, आणि इथले सण कसे असतात, त्यातलं काय चुकवू नये, असं तुम्ही विचारलंय. मी यॉर्कशरमध्येच राहते, त्यामुळे जवळून पाहिलेलं सांगते.

आपल्याकडे सण आला की आधी रस्ता सजतो, मांडव पडतो. इथे सण बहुतेक घरात होतो. २५ डिसेंबरला बाहेर पडून नाताळ बघायचा म्हणाल तर हाती काही लागणार नाही. रेल्वे बंद, लंडनची भुयारी रेल्वे बंद, मोठी दुकानं तर कायद्यानेच बंद. म्हणून माझा आग्रह एकच: त्या दिवशी कुणी घरी जेवायला बोलावलं तर संकोच न करता जा.

तयारी नोव्हेंबरातच सुरू होते. ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळआधीच्या सुमारे चार आठवड्यांच्या काळाच्या, आधीच्या रविवारी जुन्या वळणाच्या घरांत ख्रिसमस पुडिंग कालवतात. आमच्या शेजारच्या आजींकडे मी हे पाहिलं. मोठ्या वाडग्यात मनुका, बेदाणे, पाकवलेल्या संत्र्याच्या साली, ब्रेडचा चुरा, अंडी, मसाले आणि ब्रँडी. घरातल्या प्रत्येकाने लाकडी चमच्याने ते पूर्वेकडून पश्चिमेकडे ढवळायचं, कारण बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजे पूर्वेकडून आले होते. ढवळताना मनात एक इच्छा धरायची, ती कुणाला सांगायची नाही. धाकटा नातू स्टुलावर उभा राहून, डोळे घट्ट मिटून ढवळत होता! मग ते तासन् तास वाफवायचं आणि लोणच्यासारखं महिनाभर मुरू द्यायचं. नाताळच्या दुपारी पुन्हा गरम करून वर कोमट ब्रँडी ओततात, दिवे घालवतात आणि काडी लावतात. निळी ज्योत काही क्षणच टिकते, पण तेवढ्यासाठी सगळं टेबल गप्प होतं. पूर्वी आत सहा पेन्सचं चांदीचं नाणं टाकत, ज्याच्या वाट्याला येईल त्याचं नशीब उजळणार. काही घरांत अजूनही टाकतात, तेव्हा जपून चावा.

शाकाहारी असाल तर आधीच सांगा. पारंपरिक पुडिंगात गोमांसाची चरबी असते, मिन्स पाय या सुक्या फळांचं सारण भरलेल्या छोट्या गोड पदार्थातही असू शकते, आणि बटाटे बऱ्याचदा हंसाच्या चरबीत भाजतात. हल्ली या सगळ्याचे शाकाहारी प्रकार मिळतात. वेळेवर कळवलं तर लोक आवर्जून करतात.

जेवणाआधी क्रॅकर ओढतात. हा फटाका नव्हे, कागदात गुंडाळलेली नळी. दोघांनी दोन टोकं धरून ओढली की फट्ट आवाज होतो आणि आतून कागदी मुकुट निघतो. टॉम स्मिथ नावाच्या लंडनच्या मिठाईवाल्याने १८४० च्या दशकात ही कल्पना काढली. मुकुट पणजोबांपासून सगळ्यांनी घालायचा, तुम्हीही घाला. तीन वाजता टीव्हीवर राजाचं भाषण. ही प्रथा १९३२ साली पंचम जॉर्जच्या रेडिओ भाषणापासूनची. दुसरा दिवस बॉक्सिंग डे. उरलेलं अन्न, लांब फेरफटका आणि फुटबॉल.

रस्त्यावरचा सण हवा असेल तर ५ नोव्हेंबर गाठा. १६०५ साली पहिल्या जेम्स राजासकट पार्लमेंट उडवण्याचा कट फसला, तळघरात बंदुकीच्या दारूची ३६ पिंपं सापडली. तेव्हापासून त्या रात्री शेकोट्या आणि आतषबाजी. दिवाळीच्या आसपासच येतो, म्हणून घरची आठवण थोडी कमी छळते. आपल्या यॉर्कशरात त्या रात्री पार्किन खातात, ओट, आलं आणि ट्रीकल नावाच्या काळ्या दाट पाकाचा ओलसर केक. कटात पकडला गेलेला गाय फॉक्स यॉर्कचाच; शेकोटीवर त्याचा पुतळा जाळतात, पण तो जिथे शिकला त्या सेंट पीटर्स शाळेत आजही जाळत नाहीत. सगळ्यात भव्य मिरवणूक मात्र दक्षिणेत, ससेक्समधल्या लुइसची. पेटत्या मशाली घेऊन अख्खं गाव चालतं.

बाकीचं थोडक्यात. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी लिंबू-साखरेचे पॅनकेक, गुड फ्रायडेला क्रूसाची खूण असलेले गोड पाव, ईस्टरला चॉकलेटची अंडी. सार्वजनिक सुट्ट्या इंग्लंडमध्ये वर्षाला ८, स्कॉटलंडमध्ये ९, उत्तर आयर्लंडमध्ये १०.

स्कॉटलंडचा विषय निघालाच आहे तर ३१ डिसेंबरला एडिंबराला जायचं बघा. तिथे चर्चने नाताळचा थाट शतकानुशतकं नापसंत केला, १९५८ पर्यंत त्या दिवशी सार्वजनिक सुट्टीही नव्हती. सगळा उत्साह नववर्षाकडे, म्हणजे हॉगमनीकडे वळला, आणि २ जानेवारीचीही सुट्टी असते. मध्यरात्रीनंतर घराचा उंबरठा पहिल्यांदा काळ्या केसांच्या पुरुषाने ओलांडला तर वर्ष चांगलं जातं अशी तिथली समजूत. कुणाच्या घरी जाणार असाल तर रिकाम्या हाती जाऊ नका. कोळशाचा तुकडा, शॉर्टब्रेड किंवा व्हिस्कीची छोटी बाटली न्या. राहायची जागा मात्र उन्हाळ्यातच ठरवून टाका.