वर्गात शिक्षकाने आणि मुलांनी केलेल्या चिंतनाने शिकणं खरंच सुधारतं का?

तुम्ही लिहिलंय की बी.एड.च्या इंटर्नशिपमध्ये रोज चिंतन डायरी, म्हणजे आजचा तास कसा गेला याचा विचार लिहायची वही, भरली, आता हिंगण्याकडच्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवताय, पण त्या डायरीने मुलांचं नेमकं काय भलं झालं ते अजून कळलेलं नाही. मग हे पुढे चालू ठेवावं का, आणि ठेवायचं तर वेळ कुठून काढायचा?

मी नागपुरातल्या एका मराठी शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. एकोणीस वर्षं झाली. माझ्या अनुभवाने सांगते, सुधारतं, आणि खूप सुधारतं, पण एक अट आहे. मुलांनी स्वतःच्या शिकण्याबद्दल जे लिहिलं ते शिक्षकाने वाचलं पाहिजे आणि त्यातून पुढचा तास बदलला पाहिजे. तुमची डायरी तुम्ही एकटीने भरली, म्हणून ती कोरडी राहिली असावी. पहिली आठ-नऊ वर्षं माझंही तेच चाललं होतं. टाचणवहीत, म्हणजे रोजच्या पाठाचं नियोजन लिहायच्या शिक्षकाच्या वहीत, शेवटच्या रकान्यात मी लिहायची, 'पाठ समाधानकारक झाला, विद्यार्थ्यांनी उत्तम प्रतिसाद दिला.' त्यावर मुख्याध्यापकांची सही व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पुढचा घटक सुरू.

बदल झाला तो एका उणे चिन्हामुळे. सहावीला पूर्णांक संख्यांची बेरीज-वजाबाकी असते. मी शिकवलं, फळा भरला, 'समजून राहिलं का?' विचारलं, आणि सगळा वर्ग एका सुरात 'हो मॅडम' म्हणाला. चाचणीत अर्ध्या वर्गाने −३ − ५ चं उत्तर +८ लिहिलं. मी लाल शाईने काट मारली आणि सरावाला आणखी दहा गणितं दिली. पुढच्या चाचणीत पुन्हा +८. एका मुलीला मधल्या सुट्टीत जवळ बसवून विचारलं, 'हे कसं केलंस, मला सांगत सांगत कर.' ती सहज म्हणाली, 'मॅडम, तुम्हीच तर सांगितलं, उणे-उणे अधिक.'

ते वाक्य माझंच होतं. ५ − (−३) सारखी गणितं शिकवताना मी ते म्हटलं होतं आणि तिथे ते बरोबर होतं. मुलांनी ते जिथे दोन उणे दिसतील तिथे लावलं. म्हणजे पोरं निष्काळजी नव्हती, उलट माझा शब्द प्रामाणिकपणे पाळत होती. आणि मी वर दहा गणितं देऊन तीच चूक त्यांच्याकडून घोटवून घेतली. त्या दिवशी मला जे वाईट वाटलं ते अजून आठवतं. नुसता सराव वाढवून हे कधीच सुटलं नसतं, कारण चुकीचं मूळ माझ्या शिकवण्यात होतं आणि ते फक्त मुलांच्या तोंडून कळणार होतं.

हल्ली −३ − ५ सारखी गणितं शिकवताना मी नियम आधी सांगतच नाही. फळ्यावर मेट्रोची ऑरेंज लाइन काढते. सीताबर्डी म्हणजे शून्य. कामठी रोडकडे अधिक (ऑटोमोटिव्ह चौक +७ वर येतो), खापरीकडे उणे. काँग्रेसनगर −१, रहाटे कॉलनी −२, अजनी चौक −३. आता अजनीहून खापरीच्या दिशेने आणखी पाच स्टेशन जा. छत्रपती चौक, जयप्रकाशनगर, उज्ज्वलनगर, एअरपोर्ट, आणि उतरा एअरपोर्ट साउथला, −८ वर. कोणी +८ म्हटलं तर मला काही बोलावं लागत नाही, वर्गातूनच आवाज येतो, 'अबे, खापरीकडे निघाला अन् ऑटोमोटिव्ह चौकाच्याही पुढे कसा काय पोचला?'

पण प्रत्येक मुलीला मधल्या सुट्टीत बसवणं शक्य नाही. माझ्या वर्गात पन्नासच्या वर मुलं आहेत. म्हणून तासाच्या शेवटी मुलांकडून दोन ओळींच्या चिठ्ठ्या लिहून घ्यायला सुरुवात केली. ही कल्पना माझी नाही. हार्वर्डचे संख्याशास्त्राचे प्राध्यापक फ्रेडरिक मोस्टेलर तासाच्या शेवटी विद्यार्थ्यांना विचारत की आजच्या व्याख्यानातला सगळ्यात गढूळ राहिलेला मुद्दा कोणता. १९८९ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं आणि ती रीत पुढे पुष्कळ ठिकाणी गेली.

माझ्या पहिल्या चिठ्ठ्या मात्र वाया गेल्या. मी विचारलं, 'आज काय शिकलात?' उत्तरं आली, 'आज पूर्णांक संख्या शिकलो. मॅडमनी खूप छान शिकवलं.' मुलं परीक्षा द्यायला बसली होती आणि मी खूश व्हावं म्हणून लिहीत होती. मग तीन गोष्टी बदलल्या. चिठ्ठीवरून नाव काढलं. घरी बोलता तसं लिहा म्हटलं. त्यानंतर 'मले वजाबाकीतलं फिरवाफिरवी समजून नाही राहिली' असं लिहून आलं तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी खरं हाती लागलं. काही मुलं हिंदीत लिहितात, तीही चालतात. तिसरी गोष्ट, प्रश्न बदलला, आणि खरी किल्ली तिथेच आहे. 'समजलं का' हा प्रश्नच मी सोडून दिला. आता विचारते, 'वही न बघता आजचं एक उदाहरण सोडवा आणि ज्या पायरीवर हात थांबला तिथे फुली मारा.' किंवा, 'उद्या चाचणी घेतली तर तुम्ही नक्की चुकवाल असं एक गणित तुम्हीच तयार करून लिहा.' दुसरा प्रश्न मला फार आवडतो. स्वतःला चकवणारं गणित तयार करायला पोराला आपल्या डोक्यात डोकवावंच लागतं.

वही न बघता, यावर मी एवढा भर देते त्यालाही कारण आहे. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. वाचणाऱ्यांना वाटत होतं की आपल्याला जास्त लक्षात राहील. आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. 'हो मॅडम' म्हणणारा वर्ग खोटं बोलत नसतो. फळा समोर असतो, सगळं ओळखीचं दिसतं, आणि ओळखीचं म्हणजे येतं असं त्यांना मनापासून वाटतं. फळा पुसल्यावर काय उरतं ते मुलाने स्वतः पाहिलं की तिथून त्याचं चिंतन सुरू होतं.

मुलांच्या बाजूची दुसरी जागा म्हणजे घटक चाचणीचा तपासलेला पेपर. गुण बघून तो दप्तरात जातो आणि तिथेच चुरगळतो. मी पेपर परत देते तेव्हा प्रत्येक चुकीपुढे मुलांनी एक अक्षर लिहायचं असतं. 'घ' म्हणजे घाई, 'म' म्हणजे माहीतच नव्हतं, 'प्र' म्हणजे प्रश्न कळला नाही. सुरुवातीला सगळे सगळीकडे 'घ' लिहितात, 'मॅडम, सिली मिस्टेक.' मी वाद घालत नाही. तीन चाचण्यांचे पेपर शेजारी शेजारी ठेवायला लावते. त्याच जागी तिसऱ्यांदा घाई झाली असेल तर मूल स्वतःच थबकतं. सातवीतल्या एका मुलाने तीन पेपर बघून हळूच 'घ' खोडून 'म' केला आणि मला येऊन म्हणाला, 'मॅडम, मले छेद सारखे करणं येतच नाही.' त्याला अपूर्णांक पाचवीपासून अडत होते. दोन वर्षं ते त्याने घाईखाली झाकलं होतं आणि आम्ही शिक्षकांनीही झाकू दिलं होतं.

आता शिक्षकाची बाजू. एका निनावी चिठ्ठीत आलं होतं, 'तुम्ही विचारता अन् तुम्हीच सांगून देता.' मला ते पटलं नाही. म्हणून टेबलावर मोबाइल ठेवून माझा एक तास रेकॉर्ड केला आणि रात्री ऐकला. चिठ्ठी खरी होती. प्रश्न विचारल्यावर मी श्वास घेण्याइतकीही थांबत नव्हते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकातच हे वर्गावर्गात जाऊन मोजलं होतं. शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब आणि जास्त विचारपूर्वक येतात, एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण पन्नास मुलांसमोर फार लांब वाटतात. मी मनातल्या मनात आकडे मोजून थांबायला शिकले. मागच्या बाकावरच्या ज्या मुलींचा आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता, तो दिवाळीनंतर ऐकू येऊ लागला. तुम्ही एकच गोष्ट करणार असाल तर ही रेकॉर्डिंगची करा. ऐकून झाल्यावर पुसून टाका, ते कोणाला दाखवायचं नसतं.

बी.एड.मध्ये तुम्हाला डोनाल्ड शॉन या अमेरिकन अभ्यासकाचं नाव आलं असेल. १९८३ मध्ये त्यांनी काम झाल्यानंतरचं चिंतन आणि काम चालू असतानाचं चिंतन असा फरक मांडला. पुस्तकात तो मला कोरडा वाटला होता. वर्गात कळलं की रात्री रेकॉर्डिंग ऐकणं हे पहिलं, आणि शिकवता शिकवता तिसऱ्या ओळीतल्या पोराच्या कपाळावरची आठी बघून खडू खाली ठेवणं हे दुसरं. पहिलं बरेच दिवस केलं की दुसरं आपोआप जमू लागतं. या विचाराचं मूळ त्याही मागे, अमेरिकन तत्त्वज्ञ आणि शिक्षणविचारक जॉन ड्युईंपर्यंत जातं. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांना शिकवणारे तेच हे ड्युई. नुसता अनुभव शिकवत नाही, अनुभव आणि त्याचे परिणाम यांचा संबंध लावावा लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. दीक्षाभूमीच्या या गावात शिकवताना तो धागा मला जवळचा वाटतो.

वेळेचं म्हणाल तर रोज चिठ्ठ्या घेऊ नका. मी आठवड्यातून दोनदा घेते. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत शेवटची चार मिनिटं जातात. पन्नास चिठ्ठ्या वाचायला पंधरा मिनिटं पुरतात, कारण मी तपासत नाही, फक्त तीन ढीग करते. जमलं, एका ठिकाणी अडलं, सुरुवातीलाच अडलं. दुसऱ्या दिवशी तास सुरू करताना मोठ्याने सांगते, 'काल बऱ्याच जणांचा हात दुसऱ्या पायरीवर थांबला, म्हणून आज तिथूनच सुरू करू.' हे वाक्य चुकवू नका. आपण लिहिलं आणि त्याने काहीतरी हललं हे मुलांना दिसलं नाही, तर चौथ्या वेळेपासून कोऱ्या चिठ्ठ्या येतील. आणि चिठ्ठीतल्या चुकीवरून कोणाला, नाव न घेतासुद्धा, कधी रागावू नका. मी एकदा रागावले होते. पुढचा महिनाभर सगळ्या चिठ्ठ्यांवर 'सगळं समजलं' असंच येत होतं.

कागदपत्रांची काळजी वाटत असेल तर आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनाच्या, आठ साधनांत 'इतर' या साधनाखाली स्वयंमूल्यमापन बसतं. चिठ्ठ्यांवर नाव नसतं, पण प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदींसाठी ते अक्षरं लिहिलेले पेपर फार कामी येतात. 'गणितात रुची आहे' असं सगळ्यांपुढे लिहिण्याऐवजी 'छेद समान करताना अडतो, स्वतः ओळखून विचारतो' असं लिहिता येतं.

तुमच्या आठवीसाठी एक सुचवते. 'बल व दाब' शिकवून झालं की शेवटच्या चार मिनिटांत खिळा दाखवा आणि विचारा, 'हा टोकाकडून लाकडात सहज शिरतो, डोक्याकडून का नाही? वही न बघता दोन ओळी लिहा, आणि जो शब्द लिहिताना खात्री वाटली नाही त्याखाली रेघ मारा.' घरी गेल्यावर आधी 'जास्त बल लागतं म्हणून' असं लिहिणाऱ्यांचा ढीग वेगळा करा. मग त्यातल्या किती जणांनी 'बल' या शब्दाखाली रेघ मारली आहे ते बघा. रेघ मारलेल्या चिठ्ठ्या जास्त असतील तर वर्गाला क्षेत्रफळाची एक आठवण करून दिली तरी पुरेल: बल तेच, पण टोकाचं क्षेत्रफळ कमी म्हणून दाब जास्त. रेघ न मारलेल्या जास्त असतील तर दुसऱ्या दिवशी खिळा आणि लाकडाचा तुकडा मुलांच्या हातात द्या.