महामंदीपासून आजपर्यंत अमेरिकेतला वर्णद्वेष कितपत बदलला? कायदे झाले, तरी दरी का उरली?

लोकांची मनं बदलली का, असं विचारत असाल तर हो, भरपूर. गॅलपच्या पाहणीत कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांमधल्या लग्नाला १९५८ साली ४ टक्के लोकांची पसंती होती, २०२१ साली ९४ टक्के. पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, गोऱ्या आणि कृष्णवर्णीयांच्या संपत्तीतली दरी का उरली, त्याचं उत्तर मनात शोधून सापडत नाही. ते गृहकर्जाच्या कागदांत आहे, म्हणून तेवढंच नीट सांगतो.

मंदीआधी घर घ्यायचं तर बहुधा निम्मी रक्कम रोख भरायची, उरलेल्यावर तीन-पाच वर्षं नुसतं व्याज द्यायचं आणि मुदत संपली की मुद्दल एकदम. १९३४ साली फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएचए, आलं. ते स्वतः कर्ज देत नव्हतं. कर्ज बुडालं तर बँकेला भरपाई द्यायची हमी देत होतं. त्या हमीवर बँका २० टक्के रोख घेऊन २० वर्षांची मुदत देऊ लागल्या. हिशेब करून बघा: ६,००० डॉलरचं घर, १,२०० रोख, ५ टक्के व्याज, तर हप्ता महिना ३२ डॉलरच्या आत. भाड्याच्या पैशात घर आपलं.

फक्त ही हमी वस्ती बघून मिळायची. एफएचएच्या १९३८च्या नियमावलीत खरेदीखतात वंशाची अट, म्हणजे ठरलेल्या वंशाखेरीज कुणी तिथे राहायचं नाही असं कलम, घालावी अशी शिफारसच होती. डेट्रॉईटमध्ये १९४१ साली एका बिल्डरला कृष्णवर्णीयांच्या वस्तीला लागून गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. हमी मिळावी म्हणून त्याने मध्ये सहा फूट उंच, अर्धा मैल लांब भिंत घातली. ती अजून उभी आहे, आता तिच्यावर चित्रं रंगवली आहेत.

इथे एक गल्लत नेहमी होते. कर्जासाठी धोक्याच्या वस्त्या लाल रंगाने दाखवणारे प्रसिद्ध नकाशे एफएचएचे नव्हेत, होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या दुसऱ्या सरकारी संस्थेचे. तिने दोनशेहून जास्त शहरांतल्या वस्त्यांना हिरवा, निळा, पिवळा, लाल अशी उतरती प्रतवारी दिली. प्रत्येक वस्तीच्या फॉर्मवर उत्पन्न, परदेशात जन्मलेले किती, ‘निग्रो’ किती, आणि कुणाची ‘घुसखोरी’ चालू आहे, असे रकाने असत. पण याच संस्थेने लाल भागांतही कर्जं दिली होती. लाल भागांत गरीब गोरेही पुष्कळ होते. कृष्णवर्णीयांची मात्र बहुतेक वस्ती लालच. माझ्या मते खरं नुकसान एफएचएने केलं, नकाशांना दोष जरा जास्तच मिळतो.

बँक दारात उभं करत नाही म्हटल्यावर शिकागोसारख्या शहरांत कृष्णवर्णीय कुटुंबं ‘कॉन्ट्रॅक्ट’वर घर घ्यायची. किंमत चढी, कागद विकणाऱ्याकडेच. एक हप्ता चुकला की घर गेलं आणि भरलेले पैसेही गेले. दुरुस्तीचा खर्च मात्र घेणाऱ्याचा.

१९४८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, वंशाची अट कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाही. अट लिहायला मात्र बंदी नव्हती. ती आणि घरविक्रीतला, कर्जातला भेदभाव नव्या कायद्याने बेकायदा ठरला एप्रिल १९६८मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात. म्हणजे १९३४पासून चौतीस वर्षं गेली. तेवढ्यात गोऱ्या कामगाराचं घर फिटत आलं होतं आणि पुढे त्याच घरावर मुलांची कॉलेजं झाली. २०२२च्या फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती सुमारे २,८५,००० डॉलर आहे, कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५,०००. सगळा फरक घरामुळे नाही, मजुरीचाही आहे. १९३५च्या सोशल सिक्युरिटीतून, म्हणजे म्हातारपणच्या सरकारी पेन्शन योजनेतून, शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते, आणि दक्षिणेत ती कामं कोण करायचं हे सांगायला नको.

पुढे तऱ्हा उलटली. आधी कर्ज नाकारायचे, २००८च्या आधीच्या तेजीत महाग कर्ज गळ्यात मारलं. चांगल्या कर्जाला पात्र असलेल्यांनाही. कंट्रीवाइड या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीने २०११ साली याच आरोपावरून ३३.५ कोटी डॉलर देऊन सरकारशी तडजोड केली.

स्वतः पडताळायचं असेल तर रिचमंड विद्यापीठाच्या ‘मॅपिंग इनइक्वॅलिटी’ या संकेतस्थळावर शहर निवडा आणि रंगावर न थांबता वस्तीचा फॉर्म उघडा, खरा मजकूर तिथे आहे. मग १९७५च्या कायद्याखाली बँकांना जाहीर करावी लागणारी कर्जाची आकडेवारी बघा. नकाराचं प्रमाण तेवढं ताडून निष्कर्ष काढू नका, उत्पन्न आणि आधीच्या कर्जाचा बोजा सारखा असलेले अर्जदार शेजारी ठेवा.

तिकडे जुनं घर घेणार असाल तर टायटलचे कागद शेवटपर्यंत वाचा. वंशाची अट अजून छापलेली सापडते. तिला कायद्याने अर्थ नाही, कॅलिफोर्नियात तर काउंटीच्या नोंदणी कार्यालयांनी अशा अटी शोधून खोडायच्या, असा कायदाच आहे. अट पूर्ण वाचलीत तर बहुतेक वेळा शेवटी एक अपवाद दिसेल: घरात राहणारा नोकर चालेल.