कॉलेजं पाहायला निघण्याआधी

अभियांत्रिकी प्रवेशाचे दिवस जवळ आले की एकच प्रश्न निरनिराळ्या गावांतून येतो: घरच्यांनी मिळून कॉलेजं पाहायला जायचं, तर कधी, कुठे आणि किती? या अंकासाठी निवडलेले पाच प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : मुलीची बारावी जालन्यातूनच झाली. एमएचटी-सीईटीत ९६ पर्सेंटाइल आहेत, प्रवर्ग ओबीसी, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत. तिला संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक्स हवं आहे. पाच दिवसांत मुंबई, पुणे, सांगली, नागपूर मिळून बारा कॉलेजं पाहण्याचा बेत आहे. आजीही सोबत येणार. दौरा कसा आखावा? (एक पालक, जालना)

बारा कॉलेजं पाच दिवसांत फक्त फाटकातून पाहून होतील. सहावर या, आणि नागपूर आजच यादीतून काढा.

हा दौरा कॉलेज निवडण्यासाठी नसतो. कॉलेज कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, गुणवत्तेनुसार मिळतं. तुमच्या हातात असतो तो पसंतीक्रम, आणि त्यात जिथे दोन नावांपैकी वर कोणतं हे घरात ठरत नाही, तेवढीच कॉलेजं प्रत्यक्ष पाहण्याजोगी. हा क्रम हलक्याने घेऊ नका. २०२५च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला की जागा आपोआप गोठत होती. मग ती घ्या, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. नियम दरवर्षी माहितीपुस्तिकेत नव्याने येतात, ते पान आधी वाचा.

यादी करताना सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरचा गेल्या वर्षीचा कटऑफ, म्हणजे शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला तो आकडा, काढा, पहिल्या आणि शेवटच्या फेरीचा. पालक इथेच सर्वांत जास्त फसतात. तक्त्यात प्रत्येक रकान्यात दोन आकडे असतात: वरचा गुणवत्ता क्रमांक, खाली कंसातला पर्सेंटाइल. पाहायचा तो कंसातला. रकान्याच्या नावातलं पहिलं अक्षर 'जी' म्हणजे सर्वांसाठी, 'एल' म्हणजे मुलींसाठी. मध्ये प्रवर्ग. शेवटचं अक्षर 'एच' म्हणजे गृहविद्यापीठ, 'ओ' म्हणजे त्याबाहेरचे, 'एस' म्हणजे राज्यस्तर. गृहविद्यापीठ बारावी कुठून झाली त्यावरून ठरतं, घर कुठे आहे त्यावरून नाही. तुमच्या मुलीचं गृहविद्यापीठ छत्रपती संभाजीनगरचं. म्हणून पुण्यातल्या खासगी कॉलेजांसाठी 'एच'चा रकाना पाहून हुरळून जाऊ नका; तिच्यासाठी शेवटी 'ओ' असलेले रकाने. ऑल इंडिया जागांची यादी वेगळी असते, ती या तक्त्यात मिसळू नका.

पर्सेंटाइलच्या दोन-तीन वर ते सहा-सात खाली एवढ्या पट्ट्यात जी शाखा-कॉलेज जोडी बसते, ती ठेवा. पुण्याच्या सीओईपी आणि मुंबईच्या व्हीजेटीआयची आवारं सुंदर आहेत हे खरं, पण खुल्या प्रवर्गात तिथल्या संगणक शाखेचा कटऑफ ९९च्याही वर जातो. मुलीला जे मिळणार नाही ते दाखवायला अर्धा दिवस घालवू नका. अर्जात नाव मात्र वर टाकायला हरकत नाही, त्याला पैसे पडत नाहीत.

आता प्रवास. निकाल लागल्यानंतर आणि पसंतीक्रम भरण्याआधी जा. मे महिन्यात गेलात तर परीक्षा किंवा सुट्टी, आवारात विद्यार्थीच नसतात. आणि त्यांच्याशी बोलणं हे दौऱ्याचं अर्धं काम आहे. अडचण अशी की रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि निकालाची तारीख मात्र ऐनवेळी कळते. म्हणून जाताना एसटी धरा. महिलांना अर्धं तिकीट असल्याने आई आणि मुलगी निम्म्यात. आजी ७५च्या पुढच्या असतील तर मोफत. आजींचं ओळखपत्र मात्र हाताशी ठेवा, वाहक मागतो.

रात्रीची एसटी धरून पुण्यात उतरा. पुण्याचे दोन दिवस दिशेप्रमाणे वाटा. बिबवेवाडीचं व्हीआयटी आणि धनकवडीचं पीआयसीटी यादीत असतील तर एका दिवशी. कर्वेनगरचं कमिन्स, जे फक्त मुलींचं आहे, आणि सिंहगड रस्त्याकडची कॉलेजं दुसऱ्या दिवशी. मध्ये शिवाजीनगर घालून दिवस तोडू नका. एका दिवसात दोनच, सकाळी साडेदहाला एक आणि दुपारी दोनला दुसरं. पालख्या पुण्यात मुक्कामी असतात ते दोन दिवस आणि त्यांच्या मागचा-पुढचा दिवस टाळा. रस्ते बंद असतात आणि लॉजही मिळत नाही.

मुंबईला सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने जा आणि दादरला उतरा. अंधेरी पश्चिमेला भवन्सच्या एकाच आवारात सरदार पटेल नावाची दोन कॉलेजं आहेत, एक शासकीय अनुदानावरचं आणि एक खासगी. दोन्हींचे कोड वेगळे, शुल्क वेगळं, कटऑफ वेगळा. अर्ज भरताना नाव नव्हे तर कोड जुळवा. तिथून विलेपार्ले जवळ. रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने थेट जालना. सांगली या फेरीत बसत नाही. यादीत वर येत असेल तर वडील आणि मुलगी दोघांनीच वेगळं जाऊन यावं. आजींना सहाच्या सहा कॉलेजांचे जिने चढवू नका. त्या लॉजवर थांबल्या तर सगळ्यांचाच दिवस नीट जाईल.

आणखी एक. २०२४-२५पासून कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. म्हणजे तुमच्या बाबतीत दोन कॉलेजांतला शुल्काचा फरक जवळजवळ पुसला जातो. उरतो तो वसतिगृह, खानावळ आणि रोजच्या प्रवासाचा खर्च. तोच तिथे जाऊन लिहून आणा. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत पुढच्या ३१ मार्चपर्यंत आहे ना, आणि जात वैधता प्रमाणपत्र हातात आलं आहे ना, हे मात्र निघण्याआधी घरीच पाहा.

प्रश्न : कॉलेजात गेलं की एक प्राध्यापक वातानुकूलित सभागृह आणि मोठ्या कंपन्यांच्या नावांचा फलक दाखवतात आणि चहा देऊन पाठवतात. तासाभरात खरं काय पाहावं? (एक पालक, वाशीम)

चहा घ्या, पण त्याआधी घरी एक काम करून जा. कॉलेजच्या संकेतस्थळावर 'मॅन्डेटरी डिस्क्लोजर', म्हणजे सक्तीने जाहीर करायची माहिती, असतं. त्यातून हव्या त्या शाखेच्या शिक्षकांची नावं मोजा. तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचं, एआयसीटीईचं, प्रमाण २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. ६० जागांच्या शाखेत चार वर्षांचे २४० विद्यार्थी, म्हणजे १२ शिक्षक. एका शाखेच्या जागा आता १८० किंवा त्याहूनही जास्त असतात, तिथे हाच हिशेब ३६वर जातो. नावं छापून घ्या आणि विभागात गेल्यावर दारांवरच्या पाट्यांशी, भिंतीवरच्या वेळापत्रकाशी ताडून पाहा. वेळापत्रकात एकच आद्याक्षर आठवड्यात फार वेळा दिसलं, किंवा नावाच्या जागी 'नवीन शिक्षक' असं लिहिलेलं असलं, तर माणसं कमी आहेत.

एनबीएचं मानांकन शाखेला मिळतं, नॅकचं संस्थेला. कमानीवर 'एनबीए मानांकित' लिहिलेलं असलं तरी तुमच्या शाखेला ते आहे का आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे विचारा. नव्याने सुरू झालेल्या शाखांना, विशेषतः कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्सच्या, ते बहुधा नसतंच, कारण आधी तुकड्या बाहेर पडाव्या लागतात. हा दोष नाही. पण तिथे शिकवणारे मुळात कोणत्या विभागातून आणले, हे विचारायला हवं.

प्रयोगशाळेत उपकरणांची संख्या मोजण्यापेक्षा वापराच्या खुणा शोधा. कार्यशाळेत वाइसच्या जबड्यांवर घासल्याच्या खुणा आहेत का, वेल्डिंगच्या खोलीत काजळी आणि वास आहे का? इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेतल्या ऑसिलोस्कोपला प्रोब लावलेले आहेत की कपाटात कुलूपबंद? यंत्र चकचकीत आणि त्यावर आच्छादन, म्हणजे ते तपासणी समितीसाठी आहे. संगणक प्रयोगशाळेत एका रांगेत किती बंद आहेत ते पाहा आणि वापराची नोंदवही मागा. ग्रंथालयात संध्याकाळी किती वाजता दिवे जातात ते विचारा.

नोकऱ्यांबद्दल 'सर्वाधिक पॅकेज' ऐकून घ्या आणि वहीत लिहू नका. लिहायचे आकडे तीन, तेही तुमच्या शाखेचे आणि गेल्या दोन वर्षांचे: शेवटच्या वर्षाला किती विद्यार्थी होते, त्यांतल्या किती जणांनी नोंदणी केली, किती जणांना काम मिळालं. पगाराची ते सरासरी सांगतील, तुम्ही मध्यक विचारा, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा. एका मोठ्या पगाराने सरासरी फुगते, मध्यक फुगत नाही. एकाच मुलाला तीन नियुक्तिपत्रं मिळाली तर काही ठिकाणी ती तीन मोजली जातात, म्हणून 'किती ऑफर' नव्हे, 'किती विद्यार्थी'.

शेवटची वीस मिनिटं उपाहारगृहात. आईवडिलांनी बाजूला बसावं आणि मुलाने किंवा मुलीने एकट्याने दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोलावं. पालक समोर असले की पोरं 'चांगलंय' एवढंच म्हणतात. विचारायचं ते नेमकं: गेल्या सत्रात किती तास प्रत्यक्ष झाले, प्रयोगवह्या कशा पुऱ्या होतात, उपस्थिती कमी भरली तर काय होतं?

प्रश्न : वसतिगृह मिळेल असं कॉलेजने फोनवर सांगितलं. तरी जाऊन पाहावं का? (एक पालक, चिपळूण)

जरूर. 'मिळेल' याचा अर्थ पहिल्या वर्षासाठी किती खाटा आहेत, त्या गुणवत्तेने देतात की आधी येईल त्याला, आणि दुसऱ्या वर्षी राहू देतात का, हा असायला हवा. बरीच वसतिगृहं दुसऱ्या वर्षी बाहेर काढतात. मग पुण्यात 'कॉट बेसिस', म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने, शोधणं आलंच. त्यामुळे त्याच फेरीत आसपासच्या दोन-तीन खोल्याही पाहून ठेवा: अनामत किती, परत कधी, वीजबिल कोणाकडे, खोलीत माणसं किती, करार ११ महिन्यांचा लेखी आहे का?

वसतिगृहात नमुन्याची खोली दाखवतात; तुम्ही वरच्या मजल्यावरचं स्वच्छतागृह पाहा आणि नळ सोडून पाहा. पाणी टँकरचं असेल तर मार्च ते जूनमध्ये काय होतं, हे सफाई कामगारांना विचारलं की खरं कळतं. खानावळीत जेवणाच्या वेळी जा, पैसे देऊन एक थाळी खा. रविवारी रात्री खानावळ बंद असते का, हेही विचारून ठेवा.

प्रश्न : मुलगा बेळगावात मराठी माध्यमातून शिकला, सीईटी दिली आहे. महाराष्ट्रात प्रवेश मिळतो का, आणि कोल्हापूर-सांगली भागातली कॉलेजं कशी पाहावी? (एक पालक, बेळगाव)

मिळू शकतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी किंवा बारावी झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांसाठी कॅपमध्ये 'टाइप ई' आहे. त्यासाठी माहितीपुस्तिकेतल्या विहित नमुन्यातच प्रमाणपत्रं लागतात. शाळेच्या लेटरहेडवर साधं पत्र आणलं तर अर्ज त्रुटीत निघतो, म्हणून नमुना छापून शाळेत घेऊन जा.

स्वतःची गाडी असेल तर पहिल्या दिवशी महामार्ग सोडू नका: कोल्हापूरच्या अलीकडे गोकुळ शिरगावचं केआयटी, पुढे पेठ नाक्यावरून आत राजारामनगरचं आरआयटी, मग कऱ्हाडचं शासकीय कॉलेज. तीन होतात, पण सकाळी सहाला निघायला हवं. सांगलीचं वालचंद वेगळ्या दिवशी, रेल्वेने. ते विश्रामबागेत आहे, मिरजेला उतरून रिक्षा किंवा शहर बस.

जुलैच्या उत्तरार्धात निघत असाल तर आदल्या रात्री कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी पाहा. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता. आकडा ३९च्या वर जाऊन चढता असेल तर गोकुळ शिरगाव पाहून मागे फिरा.

प्रश्न : एका कॉलेजच्या फाटकापाशी भेटलेल्या माणसाने 'व्यवस्थापन कोट्यातून जागा करून देतो, मूळ दाखला आणि थोडी रक्कम आत्ता द्या' असं सांगितलं. द्यावी का? (एक पालक, परभणी)

नाही. संस्था स्तरावरच्या, म्हणजे व्यवस्थापन कोट्यातल्या, जागांनाही जाहिरात, अर्ज आणि गुणवत्ता यादी असते, आणि शुल्क पावतीवर भरायचं असतं. त्याखेरीज घेतलेली रक्कम ही देणगी, आणि तिला राज्यात १९८७च्या कायद्याने बंदी आहे. मंजूर शुल्क किती, ते शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय दिसतं. मूळ शाळा सोडल्याचा दाखला तर कोणालाच देऊ नका. तो अडकला की कॅपमध्ये मिळालेल्या जागेवर हजर होताना तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही. दौऱ्यावर फक्त झेरॉक्स न्या, मूळ कागद घरी कपाटात.