क्लारा शूमानचे कामाचे तास

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

एकोणिसाव्या शतकातली जर्मन पियानोवादक क्लारा शूमान हिचं चरित्र वाचायला घेतलंस, बरं केलंस. पण लग्नासाठी वडिलांशी झालेली कोर्टकचेरी, नवरा आणि संगीतकार रॉबर्टचं आजारपण, संगीतकार ब्राम्सचा जिव्हाळा ही पानं भराभर उलट. रंजक आहेत, पण पियानो शिकणाऱ्याच्या हाती त्यातून फारसं काही लागत नाही. ती रोज किती वाजवायची, हात कसा ठेवायची, मैफलीत काय घ्यायची आणि कोणत्या अटींवर शिकवायची, ते शोध.

क्लारा 1819 साली लाइपझिगला जन्मली. वडील फ्रीडरिश वीक पियानो विकायचे आणि शिकवायचेही. मुलगी चार वर्षांची होऊन गेली तरी धड बोलत नव्हती. पाचव्या वर्षी त्यांनी तिला पियानोपाशी बसवलं, पण नोटेशन, म्हणजे लिहिलेले स्वर, लगेच पुढ्यात ठेवलं नाही. आधी पाच बोटांचे पाठ, कानाने उचललेल्या चाली आणि प्रत्येक स्केलमधले (स्वरसप्तकातले) मुख्य कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन स्वर. तुझ्या पेटीच्या भाषेत सांगायचं तर सा, म आणि प यांच्यावर उभे राहणारे कॉर्ड.

हे तूही कर. उजव्या हातात सी-ई-जी (सा-ग-प) धर. पुढच्या कॉर्डला सी तिथेच ठेव. ईचा एफ आणि जीचा ए कर. मग तिन्ही बोटं खाली उतरव: बी-डी-जी. शेवटी परत सी-ई-जी. सगळ्यांची नेहमीची चूक म्हणजे दर कॉर्डला अख्खा हात उचलून नव्या जागी टाकायचा. त्याने स्वर तुटतात आणि कोणता स्वर कुठे सरकला हे कानाला कळतच नाही. आठवड्याला दोन स्केल घेतलीस तर बारा मेजर स्केल सहा आठवड्यांत होतील. कागदावर काही लिहून घेऊ नकोस.

आता हात. इथे पेटीची सवय तुला नडणार. पेटीत जोर भात्यात असतो. पट्टी हळू दाबली काय नि जोरात दाबली काय, आवाजात फारसा फरक पडत नाही. पियानोत पट्टी हातोडीला ढकलते आणि हातोडी तारेवर आपटते. आवाज किती येणार ते हातोडीच्या वेगावर ठरतं. पट्टी जेमतेम 10 मिलिमीटर खाली जाते आणि तळाला लागण्याच्या किंचित आधीच हातोडी मोकळी सुटते. त्यानंतर कितीही जोर लाव, स्वराला काडीचाही फरक पडत नाही, मनगट मात्र आखडतं.

क्लाराच्या शिष्यांच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: पट्टीवर बोट आपटायचं नाही, पट्टी दाबायची. बोट आधीच पट्टीला टेकलेलं, मनगट सैल, ताकद बोटाच्या मुळाशी असलेल्या सांध्यातून आणि हातातून येणारी. हे ऐकून बरेच जण तळाशी पोचल्यावरही दाबतच राहतात. दाब हवा तो वरपासून तळापर्यंत, पुढे नाही. तपासायचं असेल तर पाच स्वर सावकाश वाजव आणि प्रत्येक स्वर धरून ठेवलेला असताना डाव्या हाताने उजवं मनगट वरखाली हलवून बघ. सहज हललं तर ठीक; नाही हललं तर तुझा जोर वाया जातोय.

वीक स्वभावाने हेकट होते, पण तासांच्या बाबतीत शहाणे. रोज एक तास शिकवणी, दोन तास सराव आणि मग मोकळ्या हवेत लांब फेरी. त्यांच्याच शिष्याने, रॉबर्ट शूमानने, उजव्या हाताच्या मधल्या बोटाची ताकद गमावली. बोट ताणायचं यंत्र त्याला कारणीभूत होतं असं म्हणतात, त्यावर अजून वाद आहे. पण असली यंत्रं आजही विकली जातात, तू त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. क्लारालाही 1870 च्या दशकात हातदुखीमुळे मैफली थांबवाव्या लागल्या. तेव्हा दुखू लागलं की त्या दिवशी पियानो बंद.

तुझे दोन तास अर्ध्या-अर्ध्या तासाचे चार कर आणि मध्ये उठ. अवघड चार मापं निम्म्या लयीत घे. सलग तीनदा बिनचूक आली की मेट्रोनोम (ठोके देऊन लय दाखवणारं यंत्र) चारच अंकांनी वाढव. एकदम वीस वाढवलेस तर बोटं पळतील, पण अंगठा खालून जाताना दर वेळी एक धक्का ऐकू येईल आणि पुढे तो धक्काच पाठ होईल.

पाठांतराचंही तसंच. बर्लिनमध्ये 1837 साली क्लारा नोटेशन न ठेवता वाजवायला बसली तेव्हा लेखिका बेटिना फॉन आर्निमला तो मिजासखोरपणा वाटला होता. तेव्हा तशी रीत नव्हती. आज रीत झाली आहे, म्हणूनच घोटाळे होतात. केवळ बोटांच्या सवयीवर विसंबू नकोस. फक्त डावा हात, संथ लयीत, न बघता वाजवून बघ. जिथे अडशील तिथे पाठांतर नाही. शिवाय रचनेत सहा-सात ठिकाणं अशी ठरव की कुठूनही सुरू करता येईल. मंचावर विसरलीस तर मागे जाऊ नकोस, पुढच्या ठिकाणी उडी घे.

तिचे 1300 हून अधिक छापील कार्यक्रम जपून ठेवलेले आहेत, 1828 ते 1891 पर्यंतचे. ते क्रमाने पाहिले की रुची कशी बदलत गेली ते दिसतं: सुरुवातीला हर्झ, पिक्सिस या संगीतकारांच्या दिपवणाऱ्या रचना, पुढे बाख, बेटहोफेन, शोपॅं, शूमान. दिपवणारं तिने टाकलं, पण ते वाजवून झाल्यावर. तुझ्याकडे अशी दिपवणारी एकही रचना नाही, ती आधी एक तयार कर.

आणि पैशांचं. रॉबर्ट 1856 साली गेला तेव्हा सात मुलं होती आणि घर तिच्या मैफलींवर चालत होतं. फ्रँकफुर्टच्या हॉख कॉन्झर्व्हेटरी या संगीतशाळेत 1878 साली ती रुजू झाली ती अटी घालून: शिकवणं रोज दीड तास, तेही स्वतःच्या घरी, वर्षाला चार महिने सुट्टी आणि मैफलींना जायची मोकळीक. नवख्यांची तयारी मारी आणि ऑयगेनी या तिच्या मुली करून घेत.

तू शिकवण्या घेणार म्हणतेस, तर तोच आकडा धर: दीड तास, म्हणजे अर्ध्या तासाची तीन मुलं. चौथं घेऊ नकोस, आईवडिलांनी कितीही गळ घातली तरी. आणि तुझा सराव सकाळी, शिकवणीच्या आधी. तीन मुलांच्या चुका ऐकून झाल्यावर स्वतःच्या चुका कानाला लागत नाहीत.

सी आणि जी ही दोन स्केल झाली की कळव. मेट्रोनोम घेतलास की नाही, तेही लिही.