आठवीनंतरची शाळा आणि द्राक्षाचा हंगाम

प्रश्न : आमच्या बागेवर दसऱ्यापासून पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं मुक्कामाला असतात. धाकटी मुलं गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. आठवी झालेली मात्र आईबापाबरोबर बागेतच दिसतात. त्यांची दहावी कशी होईल? – एक बागायतदार, दिंडोरी

उत्तर : शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाला, आठवीपर्यंतच लागू आहे. नववीची सोय आपणच करायची, आणि ती जूनमध्येच.

पहिली पसंती आश्रमशाळेला किंवा आदिवासी वसतिगृहाला द्या. आईबाप कुठेही गेले तरी मुलाची शाळा बदलत नाही. पेठच्या कुटुंबानं नाशिकच्या आणि सुरगाण्याच्या कुटुंबानं कळवणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी. जातीचा दाखला, आठवीचं गुणपत्रक आणि आधार सोबत असू द्या.

मूल बागेवरच राहणार असेल, तर राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसण्याचा अर्ज, अनेकांना ठाऊक असतो. पण लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन काढणीत येते आणि सगळे विषय एकदमच द्यावे लागतात. शिवाय अर्ज कितीतरी महिने आधी भरायचा असतो. हिवाळ्यात आठवण झाली तर वर्ष गेलंच समजा.

फिरत्या मुलांसाठी आम्हाला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (घरी अभ्यास करून दहावी देता येते ती) अधिक सोयीची वाटते. वयाची 14 वर्षं पूर्ण हवीत. किमान 5 विषय, त्यात एक भाषा. नोंदणी 5 वर्षं चालते, परीक्षेच्या 9 संधी मिळतात आणि एकदा पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतात. ऑक्टोबरची परीक्षा गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठी वेल छाटण्याच्या, धांदलीत सापडते, म्हणून तेव्हा एकच विषय द्यावा आणि काढणी उरकल्यावर एप्रिलमध्ये दोन. मराठी माध्यम घेता येतं. सोपं पडावं म्हणून गणित आणि विज्ञान मात्र टाळू नका, पॉलिटेक्निकला ते लागतात.

तुमच्या हातातही बरंच आहे. संध्याकाळी दोन तास दिव्याखाली बसायला जागा आणि परीक्षेच्या दिवशी मजुरी न कापता सुटी द्या. या वयाच्या मुलांना औषध फवारणीला तर मुळीच लावू नका.

प्रश्न : गाव सोडताना शाळेचा दाखला काढून ठेवावा का? – एक पालक, पेठ

उत्तर : नवीन शाळा पक्की झाल्याशिवाय नको. दाखला काढला की पटावरून नाव जातं. आठवीपर्यंतच्या मुलासाठी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक घ्या. त्यावर दुसऱ्या गावची शाळा मुलाला बसवून घेते आणि परतल्यावर जुनी शाळा असतेच. निघण्यापूर्वी शाळेतलं नाव, आडनाव आणि जन्मतारीख आधारशी जुळवून पाहा. फरक असेल तर दुरुस्तीचा अर्ज आताच द्या. मूल शाळेत असेपर्यंत ती होते, दाखला निघाल्यावर फार जड जाते.