प्रेमकादंबरीचे नियम: खरे किती, ऐकीव किती?

प्रश्न : प्रेमकादंबऱ्या काढणारे मोठे प्रकाशक लेखकांना ठरीव साचा देतात आणि पहिली भेट, पहिले भांडण, पहिले चुंबन कितव्या पानावर यावे हेही त्यात नमूद असते, असे मी अनेकांकडून ऐकले आहे. हे खरे आहे का?

उत्तर : ही वदंता फार जुनी आहे आणि तिच्यात तथ्याचा अंश अगदीच थोडा आहे. लंडनची १९०८ मध्ये स्थापन झालेली ‘मिल्स अँड बून’ आणि तिला १९७१ मध्ये विकत घेणारी कॅनडाची ‘हार्लेक्विन’ यांच्या कादंबऱ्या वेगवेगळ्या मालिकांमध्ये निघतात, आणि प्रत्येक मालिकेसाठी लेखकांना सूचना दिलेल्या असतात. शब्दसंख्या साधारण किती असावी, पार्श्वभूमी रुग्णालयाची असावी की ऐतिहासिक काळाची, शारीरिक जवळिकीचे वर्णन कितपत मोकळे असावे, एवढ्यापुरत्याच त्या असतात. कोणती घटना कोणत्या पानावर घडावी, हे ठरवण्याचे काम लेखकाचेच राहते. शिवाय या सूचना त्या मालिकेपुरत्या असल्यामुळे, तिच्यासाठी लिहायचे नसेल तर त्या तुम्हाला लागूही होत नाहीत.

साहित्यप्रकार म्हणून पाहिले तर खऱ्या अर्थाने नियम म्हणावेत अशा गोष्टी दोनच आहेत. १९८० मध्ये स्थापन झालेल्या ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या लेखकसंघटनेने केलेली व्याख्या त्यांवरच उभी आहे : प्रेमकथा कादंबरीच्या केंद्रस्थानी असावी आणि शेवट भावनिक समाधान देणारा व आशादायक असावा. बाकीचे सारे संकेत, सवयी किंवा एखाद्या संपादकाची आवड. पहिली अट तपासायची असेल, तर मनातल्या मनात प्रेमाचा धागा कथेतून काढून पाहावा. तो काढल्यावरही कथानक धडपणे उभे राहत असेल, तर तुम्ही रहस्यकथा किंवा कौटुंबिक कादंबरी लिहीत आहात, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

प्रश्न : मग शोकान्त प्रेमकथा दुय्यम ठरते का? माझ्या कादंबरीचा शेवट विरहात होतो.

उत्तर : मुळीच नाही. विरहाच्या कथांनी साहित्य समृद्ध केले आहे. मात्र ‘रोमान्स’ या नावाखाली पुस्तक विकत घेणाऱ्या वाचकाला एक आश्वासन दिलेले असते आणि शेवटच्या प्रकरणात ते मोडले तर तो चिडतो, हे त्याचे चुकते असे मला वाटत नाही. आपली कथा शोकान्तच हवी असेल, तर ती सर्वसाधारण कादंबरी म्हणून प्रकाशकाकडे पाठवावी. आशादायक शेवट म्हणजे लग्नच, असाही समज आहे. दोघे एकत्र आहेत आणि पुढेही राहतील असा विश्वास वाचकाला वाटला की पुरे. तो विश्वास अचानक मिळालेल्या वारशामुळे किंवा खलपात्राच्या सोयीस्कर मृत्यूमुळे निर्माण होत नाही. त्यासाठी दोघांपैकी किमान एकाने, शक्यतो दोघांनीही, स्वतःला जड जाणारा निर्णय घ्यावा लागतो.

प्रश्न : माझ्या कथेत नायिका नायकाला एका परक्या स्त्रीबरोबर पाहते आणि नाते तोडते. शेवटी ती त्याची बहीण असल्याचे कळते. एका लेखनशिबिरात मला सांगण्यात आले की गैरसमजावर कथा उभारणे हा दोष आहे. तुमचे मत काय?

उत्तर : गैरसमज वर्ज्य नाही, तो एकटाच असणे हा दोष आहे. पाच मिनिटांच्या मोकळ्या बोलण्याने जो अडथळा दूर होतो, तो तीनशे पाने ताणला की पात्रे मूर्ख वाटू लागतात. जेन ऑस्टेन यांच्या १८१३ मधील ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची रचना या दृष्टीने अवश्य पाहावी. कादंबरीची प्रकरणे ६१ आहेत. नायकाची पहिली मागणी नायिका चौतिसाव्या प्रकरणात झिडकारते आणि पुढच्याच प्रकरणात त्याचे पत्र तिच्या हाती पडून मुख्य गैरसमजांचा उलगडा होऊ लागतो. तरीही कथा आणखी सव्वीस प्रकरणे चालते, कारण वस्तुस्थिती कळली तरी तिचा स्वतःच्या पारखीवरचा फाजील विश्वास आणि त्याचा ताठा हे दोन्ही उतरायचे बाकी असते.

आपल्या कथेला हीच कसोटी लावा. ती स्त्री बहीण आहे हे मध्यावरच कळले, तर पुढे काय उरते? समजा, वडिलांच्या दीर्घ आजारपणात एकटीने सारे निभावल्यामुळे कोणावर विसंबायचे नाही, असे नायिकेने ठरवलेले आहे. आणि न सांगता मदत करणे हीच प्रेम दाखवण्याची एकमेव रीत नायकाला ठाऊक आहे. तो रुग्णालयाचे बिल परस्पर भरून टाकतो. ती खिडकीपाशी पैसे मोजत उभी असताना आतून पावती पुढे सरकवली जाते, आणि कृतज्ञता वाटण्याऐवजी तिचा अपमान होतो. येथे दोघांचेही बरोबर आहे आणि कितीही बोलले तरी प्रश्न सुटत नाही. तो सुटण्यासाठी दोघांना बदलावे लागते. मग बहिणीचा प्रसंग ठेवला तरी चालेल, कारण त्याला आता तिच्या अविश्वासाचा आधार मिळेल.

प्रश्न : नायक देखणा व श्रीमंत असणे आणि प्रणयप्रसंग सविस्तर असणे बंधनकारक आहे का?

उत्तर : दोन्ही नाही. शयनगृहाच्या दारापाशी थांबणाऱ्या प्रेमकादंबऱ्यांनाही मोठा वाचकवर्ग आहे. नायक कसाही असो, नायिकेला त्याच्यात नेमके काय दिसते ते वाचकालाही दिसले पाहिजे.

प्रश्न : कथा आलटून पालटून दोघांच्या दृष्टिकोनातून सांगावी लागते का?

उत्तर : आज ती पद्धत रूढ आहे, पण पूर्वीच्या कितीतरी प्रेमकादंबऱ्या केवळ नायिकेच्या बाजूने सांगितलेल्या आढळतात आणि प्रथमपुरुषी निवेदनही सर्रास चालते. दोन्ही बाजू सांगणार असाल, तर त्या प्रसंगात ज्याचे अधिक पणाला लागले आहे त्याच्या मनात शिरावे आणि प्रसंग संपेपर्यंत तेथेच राहावे. वर सांगितलेला बिलाचा प्रसंग तिच्या बाजूने लिहिला तर वाचकाला अपमान जाणवेल. त्याच्या बाजूने लिहिला तर ती पावती चुरगाळून का निघून गेली, हे त्याच्याप्रमाणेच वाचकालाही उमगणार नाही. कादंबरीत हा प्रसंग लवकर येत असेल तर मी दुसरा मार्ग निवडेन, कारण उत्सुकता तेथे अधिक उपयोगी पडते.