वाचकांचे प्रश्न : पहिले गिऱ्हाईक कोण?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचा विषय जवळजवळ एकच आहे – इंजिनिअरिंगमधून स्वतःचा धंदा उभा करणे – म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत. पत्रे जागेअभावी थोडी आटोपती केली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि सात वर्षांपासून पुण्यात नोकरी करतो. आता राजीनामा देऊन बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत स्वतःचे काम सुरू करायचे आणि पुढेमागे एखाद्या विद्यापीठात नवसंशोधन विभागाची जबाबदारी घ्यायची, असे त्याच्या मनात आहे. विद्यापीठात जायचे तर आधी पीएच.डी. करावी लागते, अशी माझी समजूत आहे. हा खरोखर मार्ग आहे, की नोकरीचा कंटाळा आल्यामुळे सुचलेली कल्पना? – एक पालक, येळ्ळूर

उत्तर : मार्ग आहे, मात्र तो सरळ नाही. आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवरच्या हुबळीचे गुरुराज देशपांडे यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्यांनी मद्रास आयआयटीतून इलेक्ट्रिकलची पदवी घेतली, कॅनडात पुढील शिक्षण आणि पीएच.डी. पूर्ण केली आणि नंतर मोटोरोलाच्या कोडेक्स या उपकंपनीत नोकरी केली. 1988 मध्ये त्यांनी भागीदारीत कोरल नेटवर्क्स ही पहिली कंपनी काढली, पण भागीदाराशी मतभेद झाल्यामुळे तीतून ते बाहेर पडले. 1990 मध्ये त्यांनी कॅस्केड कम्युनिकेशन्स उभी केली आणि 1997 मध्ये ती सुमारे 3.7 अब्ज डॉलरना विकली गेली. पुढच्याच वर्षी काढलेल्या सिकॅमोर नेटवर्क्सच्या शेअरांना 1999 मध्ये बाजाराने डोक्यावर घेतले. दूरसंचार क्षेत्राचा फुगा फुटल्यावर ती कंपनी पूर्वीच्या उंचीवर पुन्हा पोहोचली नाही आणि 2013 मध्ये ती गुंडाळण्यात आली. म्हणजे तीन कंपन्यांपैकी एकीतून बाहेर पडणे, एकीत मोठे यश आणि एकीत आधी भरती व मग ओहोटी, असा हा हिशेब आहे. आपल्याकडे त्यातले फक्त मधले वाक्य सांगितले जाते.

2002 मध्ये देशपांडे दांपत्याने दिलेल्या 2 कोटी डॉलरमधून अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात तंत्रज्ञान नवसंशोधनाचे केंद्र सुरू झाले, आणि या केंद्राची कामाची रीत मला त्या देणगीपेक्षाही महत्त्वाची वाटते. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली पण बाजारात कोणी हात न लावलेली कल्पना घेऊन आलेल्या प्राध्यापकाला तेथे थोडे पैसे मिळतात आणि त्यासोबत उद्योगात मुरलेला एक सल्लागार मिळतो. तो सल्लागार ‘हे विकत कोण घेणार?’ हा प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारत राहतो. हा प्रश्न पुस्तक वाचून विचारता येतो, पण त्याचे उत्तर खरे की गुळमुळीत, हे स्वतः माल विकलेल्या माणसालाच ओळखता येते. आपल्या मुलाने दोन टप्प्यांचा क्रम बरोबर लावला आहे, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

पीएच.डी.विषयी : विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या पदाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार आपल्या क्षेत्रात किमान 15 वर्षांचा, तोही प्राधान्याने वरिष्ठ पातळीवरचा, अनुभव असलेल्या व्यक्तीला पीएच.डी. नसतानाही नेमता येते. अशी पदे मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंतच असू शकतात. नेमणूक आधी एका वर्षापर्यंतची असते आणि सामान्यतः तीन वर्षांपलीकडे जात नाही. ही कायमची नोकरी नव्हे. सात वर्षांच्या अनुभवावर हे दार आज उघडणार नाही, पण उद्यमबागेतली पुढची आठ वर्षेही त्या पंधरांत मोजली जातील.

प्रश्न : लक्ष्मणराव किर्लोस्कर इंजिनिअर होते काय? आमच्या कट्ट्यावर यावरून पैज लागली आहे. – एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : पदवीने नव्हे, त्यामुळे पैज कोण जिंकले ते शब्द कसा वापरला यावर अवलंबून आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे 1869 मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव मुंबईला गेले ते चित्रकला शिकण्यासाठी, आणि पुढे तेथील व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत यांत्रिक रेखाटन शिकवू लागले. मुंबईत सायकली घेऊन ते बेळगावला धाडत, आणि बंधू रामुअण्णा त्या येथे विकत व गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवत. विकलेली वस्तू वापरायला शिकवणे हा धंद्याचाच भाग आहे, हे या भावांना तेव्हाच उमगले होते. बढती डावलली गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावात कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर करायला घेतले. लोखंडाने जमिनीला विषबाधा होते, असे शेतकऱ्यांना वाटे आणि सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली आणि 1910 मध्ये औंध संस्थानात कारखान्याची वसाहत म्हणून किर्लोस्करवाडी वसली. तेव्हा बेळगावची जागा सोडावी लागली नसती तर आज उद्यमबागेचे नाव काय असते, हा प्रश्न आपल्या कट्ट्याला पुढच्या पैजेसाठी देतो.

प्रश्न : मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. विद्यार्थ्यांसोबत केलेल्या एका उपकरणावर कंपनी काढण्याचा विचार आहे. नोकरीत राहून हे करता येते का आणि उपकरणावर मालकी कोणाची? – एक प्राध्यापक, बेळगाव

उत्तर : केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने (आताच्या शिक्षण मंत्रालयाने) 2019 मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी नवसंशोधन व स्टार्टअप धोरण आणले. त्यात अध्यापकाला एका सत्राची किंवा वर्षाची रजा घेऊन स्वतःच्या कंपनीत काम करण्याची आणि परत रुजू होण्याची मुभा सुचवलेली आहे. मालकीचे सूत्रही त्यात आहे. संस्थेची साधने वा पैसा लक्षणीय प्रमाणात वापरला असेल किंवा काम अभ्यासक्रमाचा भाग असेल, तर हक्क संस्था आणि संशोधक यांचा संयुक्त असतो. संस्थेची साधने न वापरता, कामाच्या वेळेबाहेर आणि अभ्यासक्रमाशी संबंध नसताना केले असेल, तर तो संशोधकाचा असतो. संस्थेने जागा व मदत दिल्यास तिने कंपनीत 2 ते 9.5 टक्के हिस्सा घ्यावा, असेही सुचवले आहे. मात्र ही मार्गदर्शक तत्त्वे असून प्रत्येक संस्था आपापले नियम करते. तेव्हा आपल्या संस्थेचे नियम लेखी मागून घ्यावेत. तोंडी ‘हो, हो, करा’ यावर विसंबू नये.

एक चूक मात्र कृपया करू नका. पेटंटचा अर्ज करण्याआधी त्या कामावर शोधनिबंध छापू नका, कारण मग नवेपणाचा दावा टिकवणे अवघड होते. घाई असेल तर तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज करता येतो आणि संपूर्ण तपशील देण्यास 12 महिने मिळतात. अर्जावर विद्यार्थ्यांची नावे घालायला विसरू नये, एवढे लिहिल्यावाचून राहवत नाही.

प्रश्न : मी शेवटच्या वर्षाला आहे. गुऱ्हाळातील काहिलीचे तापमान मोजून गूळ उतरवण्याची वेळ सांगणारे यंत्र आमच्या गटाने केले आहे. अनुदानाचा अर्ज घेऊन आम्ही महाविद्यालयाच्या नवसंशोधन विभागप्रमुखांकडे गेलो. त्यांची पूर्वी स्वतःची कंपनी होती. त्यांनी अर्ज पाहिलाही नाही आणि आधी दहा गुऱ्हाळे फिरून या, असे सांगितले. ते काम टाळत आहेत का? – एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : ते त्यांचे कामच करत आहेत, आणि हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो.

तीस वर्षांपूर्वी मी फौंड्रीतल्या, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यातल्या, सँडचा ओलावा दाखवणारा एक मीटर तयार केला होता. साच्याच्या मातीत ओलावा तीन-चार टक्क्यांच्या आसपास राखावा लागतो. तो वाढला तर ओतलेल्या लोखंडात वाफेची पोकळी राहते, कास्टिंगमध्ये ब्लो होल निघतात आणि जॉब रिजेक्ट होतो. माझा मीटर अचूक होता. तो घेऊन मी एका फौंड्रीत गेलो. मालकांनी काही न बोलता जुन्या मोल्डरला, म्हणजे साचे करणाऱ्या कारागिराला, हाक मारली. त्यांनी मूठभर सँड आवळली, मूठ उघडली, बोटांच्या खुणा उमटलेला तो गोळा मधोमध मोडला, मोडलेली कड डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, “पाणी जरा जास्त झालंय.” मीटरही तेच सांगत होता. मालक हसले आणि चहा मागवला. मीटर विकला गेला नाही.

त्याच चहाच्या वेळी मालक सहज म्हणाले की गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की हे मोल्डर आठवडाभर नसतात आणि रिजेक्शन नेमके त्याच आठवड्यात वाढते. माझे गिऱ्हाईक त्या वाक्यात होते आणि मला ते ऐकू आले नाही. मी मोल्डरच्या मुठीशी शर्यत लावणारे यंत्र केले होते. त्यांना हवे होते मोल्डर नसताना नव्या पोराला आधार देणारे, स्वस्त आणि मातीत पडले तरी चालणारे काहीतरी. हे मला चार वर्षांनी कळले. तोवर मी कर्ज फेडत होतो.

आपल्या यंत्राचेही तसेच आहे. गूळ साधारण 118 अंशांच्या आसपास तयार होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. गुळव्याला तो आकडा ठाऊक नसेल, पण रसाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांत कशी वळते, यावरून तो काहील उतरवतो. मग यंत्र कोणासाठी? गुळव्यासाठी, की चांगला गुळव्या मिळत नाही म्हणून हैराण झालेल्या गुऱ्हाळमालकासाठी? की प्रत्येक आधणाचा गूळ एकसारखा हवा असणाऱ्या व्यापाऱ्यासाठी? या तिघांना लागणारे यंत्र, त्याची किंमत आणि अर्जातला मजकूर, सगळेच वेगळे होईल. विभागप्रमुखांनी अर्ज बाजूला ठेवला तो बहुधा यासाठीच. आलेल्या प्रत्येक अर्जावर सही करून वर्षाअखेरीस त्यांची संख्या अहवालात लिहिणारे विभागप्रमुखही मी पाहिले आहेत. त्यांच्यावर विद्यार्थी नाराज नसतात.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की पहाटे जा. पहिल्या दोन गुऱ्हाळांत यंत्र पिशवीतून बाहेर काढू नका, नुसते पाहा. काहील उतरण्याच्या बेताला आलेली असताना गुळव्याला काही विचारू नका, तो उत्तर देणार नाही. रस वाफ्यात ओतून झाला आणि तो तंबाखू मळायला बसला की विचारा.